शिक्षकांसाठी ऑनलाइन साहित्य: नुसती लिंक नको, वर्गात चाललेली गोष्ट सांगा

माणदेशी_बाई

नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यात सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित शिकवते. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर रोज लिंका येतात. "अत्यंत उपयुक्त, सर्वांनी जतन करावे" असं वर लिहिलेलं असतं. उघडून बघावं तर काही बंद पडलेल्या, काहींमध्ये जाहिरातीच जास्त, काही व्हिडिओत पाठ्यपुस्तकातला परिच्छेद कुणीतरी जसाच्या तसा वाचून दाखवतंय. नव्याने लागलेल्या शिक्षकांची तर फार ओढाताण होते, कारण कशापासून सुरुवात करावी तेच कळत नाही.

म्हणून हा धागा. विनंती एवढीच की नुसतं संकेतस्थळाचं नाव टाकू नका. कोणत्या इयत्तेच्या कोणत्या पाठाला मुलं कुठे अडत होती आणि त्या साधनाने नेमकं काय सुटलं, ते लिहा. माझा अनुभव असा आहे की शोध साधनापासून सुरू केला तर तास वाया जातो. मुलांच्या अडचणीपासून सुरू केला तर हाताला काहीतरी लागतं.

सुरुवात मीच करते. आठवीचा धाराविद्युतचा पाठ. एकसर जोडणीत, म्हणजे एकाच तारेवर एकामागोमाग, दोन दिवे लावले तर कुठला जास्त उजळेल, असं विचारलं की बहुतेक वर्ग म्हणतो, "घटाजवळचा पहिला." का? तर पहिला दिवा वीज 'खातो' आणि उरलेली दुसऱ्याला मिळते. व्याख्या पाठ असते, गणितंही सुटतात, पण ही समजूत जागची हलत नाही.

यासाठी मी 'फेट' वापरते. २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. सगळं फुकट आहे आणि बरीच सादृश्यं, म्हणजे पडद्यावर चालवून बघायचे प्रयोग, मराठीतूनही आहेत. त्यातल्या परिपथ जोडणीच्या सादृश्यात तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. आधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा, मगच मी कळ दाबते. दोन्ही दिवे सारखेच उजळतात आणि इलेक्ट्रॉन पहिल्या दिव्याच्या आधी, दोन दिव्यांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या पुढे एकाच वेगाने जात असतात. मग ॲमीटर (वीजप्रवाह मोजणारं उपकरण) तिन्ही जागी लावायचा. आकडा तोच. यानंतर वर्गात जी भांडणं होतात त्यातच खरा पाठ होतो. अंदाज आधी लिहून घेतला नाही तर मात्र मुलं "हो बाई, माहीतच होतं" म्हणून मोकळी होतात.

आता तुम्ही लिहा.

निवृत्त_मास्तर

बाई, धागा उत्तम. पण एक हरकत नोंदवतो. घट, तार आणि दिवा बाजारात थोडक्या पैशात मिळतात. मुलाच्या हातात खरी वस्तू न देता पडद्यावरचा दिवा का दाखवायचा? तार नीट घासली नाही म्हणून दिवा लागत नाही, ती खटपटही विज्ञानच आहे.

मी सगळ्या नव्या शिक्षकांना अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ सांगतो. आयआयटी कानपूरचे अभियंते, होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमातून या कामाकडे वळले, पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं राबले. २०१८ साली पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी, त्यांच्या चित्रफिती आणि हजारो पुस्तकं तिथे फुकट आहेत, मराठीतही भरपूर.

पाठाचं म्हणाल तर भूमितीत त्रिकोणाची दृढता. सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे बारीक तुकडे कापायचे आणि त्यात काड्यापेटीच्या काड्या खोचायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच तिरका होऊन समांतरभुज होतो. एक काडी कर्ण म्हणून बसवली की तोही घट्ट. मग पोरांना विजेचे मनोरे, पुलाच्या कैच्या, घराच्या पत्र्याखालचा सांगाडा बघून यायला सांगायचं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं.

माणदेशी_बाई

मास्तर, तुमचं म्हणणं मान्य आहे आणि मी खरे दिवेच आधी देते. पण नेमक्या याच पाठात एक अडचण येते. बाजारातले दोन छोटे दिवे कधीच अगदी सारखे नसतात. एकसर जोडले की एक जरा मंद दिसतोच. तो योगायोगाने दुसरा निघाला की मुलं म्हणतात, "बघा, पहिल्याने खाल्ली!" दिव्यांची अदलाबदल करून दाखवावी लागते. शिवाय तारेच्या आत काय चाललंय ते खऱ्या परिपथात दिसत नाही. म्हणून क्रम असा: हातात वस्तू, मग वहीत अंदाज, मग पडदा, आणि पुन्हा वस्तू.

निवृत्त_मास्तर

दिव्यांच्या अदलाबदलीचं पटलं. हा क्रम असेल तर माझी हरकत नाही.

झेडपी_कट्टा

बाई, आमच्याकडे नेटच टिकत नाही. फेट कसं दाखवता? आणि दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही?

दीक्षाचं मीच लिहितो. २०१७ पासून आहे, तरी अजून पुष्कळ शिक्षकांना त्याच्या साध्या सोयी ठाऊक नसतात. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड फाटला किंवा छपाई पुसट असली तर तो सोडून देऊ नका. कोडखाली सहा अक्षरी संकेत छापलेला असतो, तो ॲपमध्ये टंकला तरी तोच पाठ उघडतो. दुसरं म्हणजे साहित्य ॲपमध्येच उतरवून ठेवता येतं. मी गावात, जिथे रेंज आहे तिथे, आठवड्याचं सगळं उतरवून घेतो आणि शाळेत विनानेट दाखवतो. यूट्यूबपेक्षा हे बरं, कारण मधेच भलतीच जाहिरात मुलांसमोर येत नाही.

पुस्तकात क्यूआर ही कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांनी आपल्या जिल्हा परिषद शाळेत आधी करून दाखवली होती. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांत वाटून दिली. आमच्यासारख्या एका साध्या शाळेतून हे उभं राहिलं याचा मला फार आधार वाटतो.

माणदेशी_बाई

फेटचं प्रत्येक सादृश्य एकेक फाइल म्हणून उतरवता येतं. ती पेनड्राइव्हवर घ्या आणि लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडा, नेट लागत नाही. मोबाइलवर अशी फाइल कधी उघडते, कधी नाही, म्हणून आदल्या दिवशी तपासा. शाळेच्या टीव्हीला थेट पेनड्राइव्ह लावून ती चालणार नाही, टीव्ही फक्त व्हिडिओ आणि चित्रं ओळखतो. लॅपटॉप एचडीएमआय वायरीने टीव्हीला जोडा. पंचायत समितीच्या निधीतून टीव्ही आला आणि वायरच नाही, अशा शाळा मी पाहिल्या आहेत. टीव्हीची मागणी करतानाच वायरही यादीत लिहा.

मेळघाटकर

पहिल्यांदाच लिहितोय. मी धारणीच्या बाजूला पहिली-दुसरीला शिकवतो. आमची मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकू मराठीच्या कुळातली भाषा नाही, मुंडा गटातली आहे. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवसापासून परक्या भाषेत अक्षरं गिरवायची असतात. शहरातल्या शाळांसाठी केलेला कुठलाही व्हिडिओ इथे चालत नाही.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळाचा. २०१५ पासून आहे. गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांवर लावलेल्या असतात. पहिल्या पातळीच्या गोष्टीत पानावर एखादंच वाक्य आणि मोठं चित्र. महत्त्वाचं म्हणजे परवाना खुला आहे: गोष्ट उतरवा, छापा, भाषांतर करा, बदल करा, फक्त मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवा.

मी काय करतो ते सांगतो. चित्रांची गोष्ट निवडतो, शक्यतो जंगल, पाऊस, बकरी, बाजार अशा विषयांची. आधी मजकूर झाकून फक्त चित्रं दाखवतो आणि मुलांना त्यांच्या भाषेत गोष्ट सांगू देतो. अंगणवाडीच्या ताई कोरकूच आहेत, त्या मुलांची वाक्यं मला सांगतात. ती मी देवनागरीत मराठी वाक्याखाली लिहितो आणि पान छापून घेतो. मग त्याच पानावर दोन्ही भाषा असतात. जे मूल वर्गात तोंड उघडत नव्हतं ते स्वतःचं वाक्य पानावर बघून बोट ठेवून 'वाचायला' लागतं. अजून अक्षर येत नसतं, पण हे आपलं लिहिलंय हे त्याला कळलेलं असतं. मराठी शिकवायची ती तिथून पुढे.

ग्रंथसखी

मेळघाटकर, फार मोलाचं लिहिलंत. ही पानं तुम्ही परत स्टोरीवीव्हरवरच चढवा, म्हणजे दुसऱ्या कोरकू गावातल्या शिक्षकाला मिळतील. तिथे नवी भाषांतरं घालायची सोय आहे.

मी शाळेत ग्रंथपाल आहे. परवान्याचा मुद्दा निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहिते, कारण शिक्षक एक तर उगाच घाबरतात किंवा अजिबात विचार करत नाहीत. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला सूट आहे. दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानाचा खटला गाजला, त्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेतला होता. म्हणजे वर्गासाठी एखादा उतारा छापून वाटणं वेगळं आणि तेच पुस्तक स्कॅन करून स्वतःच्या चॅनेलवर टाकणं वेगळं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण त्यांवर मंडळाचा हक्क छापलेला आहे. वाचा, दाखवा, स्वतःच्या नावाने गाइड करून विकू नका.

आता माझ्या आवडीचं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक त्यांच्याच संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. पाचवी ते आठवीच्या मराठीच्या शिक्षकांनी हा साठा जरूर बघावा. पाठ्यपुस्तकातला उतारा मुलांनी तोंडपाठ केलेला असतो, त्यामुळे आकलनाचे प्रश्न खरे आकलन मोजतच नाहीत. जुन्या 'किशोर'मधली न वाचलेली दोन पानं द्या आणि तेच प्रश्न विचारा. कोण खरंच वाचतंय ते समजतं.

संदर्भासाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. शिक्षकाने स्वतःच्या तयारीसाठी वाचावा, मुलांना तो जड जातो. शिक्षणाविषयी मराठीत विचारपूर्वक लिहिलेलं वाचायचं असेल तर 'पालकनीती' आणि 'शैक्षणिक संदर्भ' ही नियतकालिकं. 'संदर्भ'मधले विज्ञानाचे लेख वाचले की पाठाकडे वेगळं बघता येतं.

पुण्याचा_बाबा

मी शिक्षक नाही, पालक आहे. शोधताना मला एक अडचण येते. मराठीत शोधलं तरी अर्धं साहित्य हिंदीच समोर येतं. यावर काही उपाय?

ग्रंथसखी

पाठ्यपुस्तकातला नेमका शब्द टाका. 'अपूर्णांक' लिहिलं की मराठी साहित्य येतं, हिंदीत तेच 'भिन्न' असतं. 'घनता' आणि 'घनत्व' तसंच. सोबत इयत्ता आणि पाठाचं पूर्ण शीर्षक लिहा. अडला शब्द तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत.

गणितवेडा

दहावीचं वर्तुळ. अंतर्लिखित कोनाचं प्रमेय पोरं पाठ करतात, पण कंसावरचा बिंदू बदलला तरी कोन तोच राहतो यावर त्यांचा विश्वास नसतो. फळ्यावर काढलेली आकृती हलत नाही, हीच मोठी अडचण.

जिओजेब्रा हे आकृत्या काढून हलवता येणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना ते सुरू केलं. वर्तुळ काढा, जीवा काढा, कंसावर बिंदू घ्या, कोन मोजायला लावा. बिंदू ओढत न्या: आकडा ढिम्म हलत नाही. वर्ग गप्प होतो. मग बिंदू जीवेच्या पलीकडच्या कंसावर न्या, आकडा एकदम बदलतो. दोन्ही आकड्यांची बेरीज करायला सांगा. १८० आली की चक्रीय चौकोनाचं प्रमेय पोरांनी स्वतःच मांडलेलं असतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. ओढून दिसलं म्हणजे सिद्ध झालं नाही. हे पडद्यावर दाखवायचं ते सिद्धतेच्या आधी, म्हणजे 'असं का होतं?' हा प्रश्न पोरांच्याच तोंडून यावा. काही जण सिद्धता गाळून नुसतं हेच दाखवतात. त्यात गणित राहत नाही.

नवी_मास्तरीण

सर, सरावासाठी एआयकडून प्रश्न तयार करून घेतले तर चालतील का? वेळ फार वाचतो.

गणितवेडा

उदाहरणातले आकडे बदलून नवे प्रश्न करायला चालतं, पण प्रत्येक उत्तर स्वतः सोडवून बघा. शाब्दिक उदाहरणात कधीकधी उत्तर अपूर्णांकात येतं आणि प्रश्न असतो 'किती मुले?' मराठी व्याकरणाला मी अजिबात भरवसा ठेवत नाही. समास आणि प्रयोग ओळखण्यात चुका होतात आणि त्या इतक्या ठामपणे लिहिलेल्या असतात की नवख्याला कळत नाहीत.

स्पर्शरेषा

मी दृष्टिहीन मुलांसोबत काम करते. वर ज्या पीडीएफचा उल्लेख झाला त्यांतल्या बऱ्याचशा आमच्या मुलांना वाचता येत नाहीत, म्हणून हा प्रतिसाद.

कारण सोपं आहे. स्कॅन केलेलं पान म्हणजे संगणकासाठी नुसतं चित्र. आणि जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत भलतीच अक्षरं असतात. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली, ती निरर्थक वाचतो. तपासायची युक्ती: पीडीएफमधलं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी आलं तर फाइल वाचता येईल. कचरा आला तर ती आमच्या कामाची नाही आणि शोधयंत्राच्याही नाही, म्हणजे तुम्हालाही पुढे ती सापडणार नाही.

सर्व शिक्षकांना विनंती आहे, तुम्ही प्रश्नपत्रिका, टिपणं, कृतिपत्रिका करता तेव्हा युनिकोडमध्ये टंका. मोबाइलवर जो मराठी कळफलक असतो तो युनिकोडच असतो. आकृतीखाली दोन ओळी लिहा की तीत काय आहे. तुमच्या वर्गात आज असं मूल नसेल, पण फाइल गटागटांतून फिरत कुठल्या वर्गात पोहोचेल ते सांगता येत नाही. पुस्तकांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' हे २०१६ पासूनचं ऑनलाइन ग्रंथालय आहे. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना तिथे सभासद होता येतं, मराठी पुस्तकंही आहेत. तुमच्या ओळखीत असं मूल असेल तर पालकांना जरूर सांगा.

झेडपी_कट्टा

ताई, व्हॉट्सॲपमध्ये चिकटवून बघायची युक्ती आत्ताच करून पाहिली. माझ्या चाचण्यांच्या सगळ्या फाइली जुन्या फाँटमधल्या निघाल्या. पुढच्या घटक चाचणीपासून युनिकोडमध्येच.

रविवारची_शाळा

न्यू जर्सीत आम्ही इथल्या मराठी मंडळाची मराठी शाळा चालवतो, शिक्षक सगळे पालकच. आमची अडचण उलटी आहे. बालभारतीचं पहिलीचं पुस्तक गृहीत धरतं की मुलाला मराठी बोलता येतं, फक्त अक्षरं शिकायचीत. इथल्या मुलाला आठव्या वर्षीही मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत येतं. मेळघाटकर सरांचा प्रतिसाद वाचून मी थबकले. मजकूर झाकून चित्रांवर बोलायचं, मुलाचं वाक्य पानावर लिहायचं, हे आम्हालाही जसंच्या तसं करता येईल.

आमच्याकडे एक गोष्ट चालते. स्टोरीवीव्हरवरच्या पहिल्या पातळीच्या गोष्टीचं पीडीएफ भारतातल्या आजी-आजोबांना पाठवतो आणि ते गोष्ट वाचून आवाजी संदेश पाठवतात. मूल पान उलटत तो ऐकतं. कोल्हापूरची आजी, नागपूरचे आजोबा, त्यांची बोलण्याची ढब वेगळी. मुलं ती नक्कल करत करत वाक्यं बोलून जातात.

मेळघाटकर

ताई, आवाजी संदेशाची कल्पना मी उचलतो. गावातल्या म्हाताऱ्यांच्या आवाजात कोरकू गोष्टी मिळतील.

नवी_मास्तरीण

बाई, मला सातवीचा भूगोल दिलाय. ऋतुनिर्मितीचा पाठ आहे. पृथ्वीगोल आणि बॅटरी घेऊन दाखवलं तरी मुलं म्हणतात, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ असते. काय करू?

माणदेशी_बाई

हा फार चिवट गैरसमज आहे. सगळ्यात आधी मुलांना सांगा की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, म्हणजे आपल्या थंडीत. मग त्यांनाच विचारा, तर थंडी का?

त्यानंतर स्टेलेरियम उघडा. ही आकाशदर्शनाची फुकट प्रणाली आहे. ठिकाण म्हणून तुमचं गाव निवडा, वेळ दुपारी साडेबाराची ठेवा आणि फक्त तारीख बदलत जा. २२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेकडे कललेला दिसतो, मग महिन्यामहिन्याने वर चढत जातो. मेच्या मध्याच्या आसपास आपल्या भागात तो बरोबर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. २१ जूनला तो डोक्याच्या थोडा उत्तरेला गेलेला असतो आणि जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला परत डोक्यावर येतो. प्रत्येक महिन्याची सूर्याची उंची मुलांनी वहीत मांडायची आणि आलेख काढायचा. उंची, दिवसाची लांबी आणि उकाडा यांचा संबंध त्यांना स्वतःला दिसतो. मगच पृथ्वीगोल हातात घ्या आणि आस कललेला ठेवून फिरवा.

खरी सावलीही मोजाच. मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि जुलैत ढग, म्हणून शून्य सावली वर्गात सहसा सापडत नाही. पण जूनमध्ये शाळा उघडल्यावर अंगणात सरळ काठी रोवून दुपारची सावली मोजून ठेवा आणि पुढे दर महिन्याला, जमेल त्या दिवशी, त्याच वेळी. डिसेंबरपर्यंत फरक चांगला ठसठशीत होतो.

नवी_मास्तरीण

शाळेचा लॅपटॉप फार जुना आहे. चालेल का स्टेलेरियम?

माणदेशी_बाई

जुन्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती अडखळली तर आधीची एखादी उतरवून बघा, त्याही मिळतात. नाहीच जमलं तर ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती आहे. तिला नेट लागतं, तेव्हा मोबाइलचा हॉटस्पॉट द्या. तेही नसेल तर घरी बारा महिन्यांची बारा चित्रं काढून पेनड्राइव्हवर घ्या, चित्रं टीव्ही थेट दाखवतो. काठी मात्र याच आठवड्यात रोवा.